न दुखणारा चट्टा, न थांबणारा खोकला

द्वारका चौक झोपत नाही. मुंबई-आग्रा महामार्ग इथून जातो, पुण्याचा रस्ता इथून फुटतो आणि सारडा सर्कलच्या बाजूनं जुनं नाशिक येऊन भिडतं. पेठ-सुरगाण्याकडून द्राक्षबागांच्या कामावर निघालेली कुटुंबं बोचकी घेऊन इथं उतरतात, धुळ्या-मालेगावकडे जाणारे ट्रकवाले चहाला थांबतात, सिन्नरच्या कारखान्यांत पाळीला जाणारी पोरं गाडीची वाट बघत असतात. माझं घर इथून दहा मिनिटांवर. आरोग्याच्या विषयावर लिहायला लागल्यापासून या चौकात उभं राहिलं की माझं लक्ष नकळत दोन गोष्टींकडे जातं: कोण खोकतंय, आणि कोणाच्या हाताची बोटं वाकलीत.

चौकामागच्या गल्लीतल्या एका हॉटेलात भट्टीवर काम करणारा तिशीतला एक माणूस मला असाच दिसला. उजव्या हाताच्या करंगळीला आणि शेजारच्या बोटाला फोड आले होते. विचारलं, तर म्हणाला, "भाजलं कधी ते कळलंच नाही ताई." त्याच हाताच्या कोपराखाली तळहाताएवढा फिकट तांबूस चट्टा. दोन वर्षांपासून होता. मेडिकलवाल्यानं नायट्याचं मलम दिलं, मग एका डॉक्टरनं दुसरं मलम दिलं. "दुखत नाही, खाजत नाही, मग कशाला दाखवायचं?" हा त्याचा प्रश्न होता.

कुष्ठरोगाची सगळी अडचण त्या प्रश्नात आहे. न दुखणं हेच या आजाराचं लक्षण, आणि न दुखणाऱ्या गोष्टीसाठी हातावर पोट असलेला माणूस एक दिवसाची मजुरी बुडवत नाही. त्याच मेडिकलच्या काउंटरवर पलीकडे दुसरा कोणी खोकल्याचं औषध मागत असतो. त्याची ही महिन्यातली तिसरी खेप असते. तो क्षयरोगी असेलच असं नाही, पण असला तर त्याचं निदान त्या बाटल्यांमध्ये लांबतंय.

क्षय आणि कुष्ठ हे एकाच कुळातले आजार. दोन्हींवर औषधं आहेत, ती सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात आणि माणसं त्यांनी पूर्ण बरी होतात. तरीही फुप्फुसं जातात, बोटं झडतात, माणसं मरतात. पहिल्या लक्षणापासून योग्य तपासणीपर्यंतचे जे महिने वाया जातात, त्यांचा हा हिशोब आहे. या क्षेत्रात जे काही वाचलं, पाहिलं, विचारलं, त्यावरून माझं मत असं झालं आहे की आता खरी लढाई याच महिन्यांशी आहे.

दोन्ही जंतू मायकोबॅक्टेरियम या वंशातले. कुष्ठाचा जंतू नॉर्वेच्या बर्गेन शहरात आरमॉर हॅन्सननं १८७३ मध्ये दाखवला, क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉखनं २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये जाहीर केला. या जंतूंच्या अंगावर मेणासारखं जाड कवच असतं. साधा रंग त्यांना धरत नाही. तंत्रज्ञ काचपट्टीवर लाल रंग ओततो, खालून ती तापवतो, मग आम्लानं धुतो. बाकी सगळ्या जंतूंचा रंग उतरतो, यांचा उतरत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली निळ्या पार्श्वभूमीवर बारीक लाल काड्या दिसतात. सव्वाशेहून जास्त वर्षं झाली, पद्धत अजून तीच वापरात आहे.

हे कवच त्यांना वाचवतं आणि मंदही करतं. पोटातले नेहमीचे जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतात. क्षयाच्या जंतूला साधारण वीस तास लागतात, कुष्ठाच्या जंतूला बारा ते चौदा दिवस. म्हणून क्षयाचा खोकला आठवड्याआठवड्यानं वाढतो आणि कुष्ठाचा चट्टा संसर्गानंतर सरासरी पाच वर्षांनी, कधी वीस वर्षांनीही उमटतो. कोणाकडून लागण झाली हे तोवर कोणाला आठवत नाही. औषधं महिनोन्महिने घ्यावी लागतात त्याचंही कारण हाच मंदपणा. कुष्ठाचा जंतू तर प्रयोगशाळेतल्या बशीत आजवर कोणाला वाढवता आलेला नाही. तो माणसात वाढेल का हे पाहण्यासाठी बाबा आमटे यांनी कलकत्त्यात शिकताना स्वतःच्या शरीरात जंतू टोचून घेतले होते. प्रयोग फसला, कारण बहुतेक माणसांच्या अंगात या जंतूला तोंड देण्याची ताकद उपजतच असते. शंभरातल्या पंचाण्णव जणांना कुष्ठरोग होऊच शकत नाही. ज्या आजाराला आपण 'महारोग' म्हणून गावाबाहेर काढलं, तो लागायला इतका अवघड आहे.

महाराष्ट्रानं या आजारासाठी जेवढं केलं तेवढं फार कमी प्रांतांनी केलं असेल. मुंबईत १८६०च्या दशकात डॉ. भाऊ दाजी लाड कडू कवठाच्या बियांचं तेल देऊन कुष्ठरोग्यांवर उपचार करत होते. १८९० मध्ये पालिका आयुक्त अ‍ॅकवर्थ यांनी माटुंग्याला निराधार कुष्ठरोग्यांसाठी आश्रयस्थान उभं केलं. वडाळ्याचं अ‍ॅकवर्थ रुग्णालय ते हेच. १९३६ मध्ये मनोहर दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला काम सुरू केलं. सेवाग्रामला गांधीजी कुष्ठरोगी परचुरे शास्त्रींच्या जखमा स्वतः धूत, अंगाला मालिश करत. अमरावतीला शिवाजीराव पटवर्धनांचं तपोवन उभं राहिलं, वरोऱ्याला बाबा आमटे यांचं आनंदवन.

ही नावं मराठी माणसाला पाठ असतात. डॉ. रामचंद्र वारदेकर हे नाव मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे, आणि याची मला मनापासून खंत वाटते. १९५१ मध्ये वर्ध्याला गांधी स्मारक कुष्ठरोग निवारण संस्था निघाली. वारदेकरांनी तिथं वेगळा विचार मांडला. रोगी आश्रमात येईपर्यंत त्याचे हातपाय गेलेले असतात, तर आपणच घरोघर जाऊ. प्रत्येक माणसाची कातडी तपासायची, लोकांना समजावून सांगायचं आणि रोग्याला त्याच्या घरीच डॅप्सोन या औषधाच्या गोळ्या द्यायच्या. सर्वेक्षण, शिक्षण, उपचार हा त्यांचा क्रम पुढं देशभराच्या कार्यक्रमाचा पाया ठरला. आनंदवनानं समाजानं टाकलेल्या माणसाला उभं केलं. वारदेकरांच्या पद्धतीनं माणूस टाकला जाण्याआधी त्याला गाठता येऊ लागलं. दोन्हींची गरज होती, पण आज, औषध हाताशी असताना, दुसरी गोष्ट जास्त मोलाची आहे.

क्षयाच्या बाबतीत हेच वळण मद्रासला आलं. त्याआधी क्षयरोग्याला चांगली हवा, विश्रांती आणि अंडी-दूध एवढाच आधार होता. द्वारकेवरून पुण्याच्या रस्त्यानं गेलं की पुढं देवळाली लागते. मुंबईच्या पारशी-गुजराती मंडळींनी हवापालटासाठी बांधलेली तिथली सॅनिटोरियमं अजून उभी आहेत. ज्याच्याकडे पैसा होता त्याला हवा मिळाली, आणि तरीही ती पुरत नव्हती. डॉ. आनंदीबाई जोशी अमेरिकेतून पदवी घेऊन परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी क्षयानं गेल्या, वयाची बावीस वर्षंही पूर्ण नव्हती. १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन सापडलं, १९५२ मध्ये आयसोनायझिड आलं. पुढं १९५६ ते १९५९ या काळात मद्रासच्या क्षयरोग केंद्रात एक साधा पण धाडसी अभ्यास झाला: निम्मे रोगी सॅनिटोरियममध्ये, निम्मे आपल्या झोपडीत, औषध सगळ्यांना तेच. झोपडीतले रोगीही तितकेच बरे झाले आणि त्यांच्या घरच्यांना लागण जास्त झाली नाही. खाटा नाहीत म्हणून उपचार नाहीत, ही सबब तिथं संपली.

आता ओळखण्याकडे येते. कुष्ठरोगाची मुख्य खूण म्हणजे बधिर चट्टा. कातडीपेक्षा फिकट किंवा तांबूस, कधी चकचकीत, त्यावर घाम येत नाही, केस विरळ होतात. कोडाचा डाग दुधासारखा पांढरा असतो आणि त्यावर स्पर्श नीट कळतो. शिबं, नायटा यांत खाज असते. भट्टीवरच्या त्या माणसाची तपासणी मी जवळून पाहिली. आरोग्य सेविकेनं त्याला दारात, उजेडाकडे तोंड करून बसवलं, कारण ट्यूबलाइटखाली फिकट चट्टे हमखास निसटतात. आधी त्याच्या चांगल्या कातडीवर पेनचं टोक हलकेच टेकवून दाखवलं: "असं लागलं की तिथं बोट ठेवायचं." मग डोळे मिटायला सांगितले. खांद्यावर टोक लागलं, बोट बरोबर तिथं. दंडावर लागलं, बोट तिथं. चट्ट्याच्या मधोमध लागलं. तो डोळे मिटून तसाच बसला, आता पुढचा स्पर्श कधी होतोय याची वाट बघत. पुन्हा टेकवलं. तरी तो वाटच बघत होता. या तपासणीला दोन मिनिटं लागली आणि खर्च काहीच आला नाही.

मग तिनं त्याचा कोपर दुमडला आणि आतल्या बाजूच्या हाडामागं, जिथं आपटलं की हातभर झिणझिण्या येतात, तिथली नस बोटांनी चाचपली. डाव्या हाताची नस जेमतेम लागली, उजवी सुतळीसारखी जाड आणि दुखरी होती. बधिर चट्टा, जाड झालेली नस आणि कातडीला बारीक चीर देऊन घेतलेल्या द्रवात सापडलेले जंतू, या तिन्हींपैकी एक खूण पक्की मिळाली तरी निदान होतं. हाताची करंगळी वाकणं, पाऊल उचलताना बोटं घासणं, झोपेत डोळा उघडा राहणं, हे सगळं नसा गेल्यानंतरचं; कानाच्या पाळ्या मात्र कातडीत जंतू साचल्यानं जाड होतात. बोटं जंतू खात नाही. स्पर्श गेलेल्या हाताला भाजतं, कापतं, उंदीर कुरतडतो, जखम चिघळते आणि हाड झिजतं. वेल्लोरचे शल्यविशारद पॉल ब्रँड यांनी हे दाखवून दिलं, तोवर जगभर मांस आपोआप सडतं असाच समज होता.

उपचार १९८१ पासून बदलले. एकट्या डॅप्सोनला जंतू दाद देईनासे झाले, तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेनं बहुविध औषधोपचार सुचवला: रिफाम्पिसिन महिन्यातून एकदा, डॅप्सोन आणि क्लोफाझिमिन रोज. आता चट्टे पाचपर्यंत असतील तर सहा महिने, जास्त असतील तर बारा. पहिल्या डोसनंतरच त्या माणसाकडून इतरांना लागण होण्याची भीती जवळजवळ राहत नाही, म्हणून त्याला वेगळं ठेवण्याचं कारण उरत नाही. क्लोफाझिमिननं कातडी काळवंडते, लघवी रिफाम्पिसिननं लाल होते. हे आधी सांगितलं नाही तर रोगी घाबरून पाकीट बंद करतो, आणि बऱ्याच ठिकाणी ते सांगितलं जात नाही.

उपचारादरम्यान किंवा तो संपल्यावरही 'रिअ‍ॅक्शन' येऊ शकते. चट्टे लाल होऊन सुजतात, नसा ठणकतात, ताप येतो, अंगावर दुखऱ्या गाठी उठतात. रोग्याला वाटतं औषध बाधलं. खरं तर शरीर मेलेल्या जंतूंशी झगडत असतं, आणि त्या झगड्यात नस काही दिवसांत कायमची जाऊ शकते. तेव्हा गोळ्या थांबवायच्या नाहीत, डॉक्टरच्या देखरेखीखाली स्टेरॉइड सुरू करायचं. नस जाऊन सहा महिने झाले नसतील तर ताकद परत येण्याची आशा असते. भट्टीवरच्या त्या माणसाचं नशीब या बाबतीत बरं होतं.

२००५ च्या अखेरीस भारतानं कुष्ठरोगाचं 'दूरीकरण' जाहीर केलं. त्याचा अर्थ दहा हजारांमागे एकाहून कमी रोगी, एवढाच होता. लोकांनी तो 'रोग संपला' असा घेतला, आणि व्यवस्थेनंही जवळजवळ तसाच घेतला. फक्त कुष्ठरोगासाठी नेमलेले कर्मचारी सर्वसाधारण आरोग्यसेवेत मिसळले गेले. नस चाचपून ओळखणारे हात निवृत्त होत गेले. आज जगात सापडणाऱ्या नव्या कुष्ठरोग्यांपैकी निम्म्याहून अधिक भारतात आहेत, दरवर्षी एक लाखाच्या आसपास. महाराष्ट्रात गडचिरोली, चंद्रपूर, पालघर, नंदुरबार या पट्ट्यात ते जास्त सापडतात. रोगी घटले असं दाखवण्याचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे न शोधणं. त्यामुळे आशाताईंच्या घरोघर शोध मोहिमेत रोगी वाढलेले दिसले की मला बरं वाटतं. २०२५ मध्ये राज्यानं कुष्ठरोगाची नोंद डॉक्टरांना बंधनकारक केली, तेही योग्यच झालं.

क्षयाची लक्षणं मात्र सगळ्यांना ठाऊक आहेत असं आपण धरून चालतो. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणं, रात्री घाम, बेडक्यातून रक्त. भिंतीभिंतींवर रंगवलेलं आहे. पण २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात लक्षणं असलेल्यांपैकी जवळजवळ ६४ टक्के लोक कुठल्याच दवाखान्यात गेलेले नव्हते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, सापडलेल्या रोग्यांपैकी सुमारे ४३ टक्के केवळ छातीच्या एक्स-रेमुळे सापडले. नुसती लक्षणं विचारत बसलं असतं तर ते निसटलेच असते. खोकल्याची वाट बघत बसणं पुरेसं नाही, हे या आकड्यानं शिकवलं. हातात धरून नेता येणारी एक्स-रे यंत्रं आता वस्त्यांमध्ये, कारखान्यांत, ऊसतोडीच्या अड्ड्यांवर नेली जातात, ती यामुळेच.

निदानाचा पाया अजूनही बेडका हाच. तो नीट देणंही शिकवावं लागतं. लोक डबीत थुंकी आणून देतात आणि थुंकीत जंतू नसतात. सकाळी उठल्यावर, चूळ भरून, उघड्या हवेत उभं राहायचं, दोन-तीनदा खोल श्वास घ्यायचा आणि छातीच्या तळातून खाकरून घट्ट बेडका डबीत घ्यायचा. बंद खोलीत किंवा बाथरूममध्ये नाही. डबीचं झाकण घट्ट लावायचं, बाहेरून पुसायची. चमचाभर पुरतो. बाया हे करायला फार लाजतात. चार लोकांसमोर खाकरणं त्यांना जमत नाही, मग लाळ भरून देतात आणि अहवाल 'नाही' येतो. त्यांना आडोसा आणि पाच मिनिटं समजावणारी कोणी बाई मिळाली, तर कितीतरी निदानं होतील.

सूक्ष्मदर्शकाला जंतू दिसायला एका मिलिलिटरमध्ये पाच ते दहा हजार जंतू असावे लागतात. सीबीनॅट यंत्राला शंभर-सव्वाशे पुरतात, ते दोन तासांत उत्तर देतं आणि रिफाम्पिसिन चालणार की नाही हेही सांगतं. गोव्यात तयार झालेलं ट्रूनॅट बॅटरीवर चालतं, त्याला वातानुकूलित खोली लागत नाही, त्यामुळे तालुक्याच्या दवाखान्यातही ठेवता येतं. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं त्याला मान्यता दिली. जंतू वाढवून पाहण्याची कल्चर तपासणी सर्वात खात्रीची, पण तिला सहा-आठ आठवडे लागतात. काय करू नये, हेही सांगायला हवं. रक्तातल्या प्रतिपिंडांवरून क्षय सांगणाऱ्या चाचण्या इतक्या चुकत होत्या की २०१२ मध्ये सरकारनं त्यांवर बंदी घातली. मांटू किंवा तत्सम चाचणी जंतू अंगात कधीतरी शिरला एवढंच सांगते, आजार आहे हे सांगत नाही.

आणि खोकल्याला लेव्होफ्लॉक्सासिन लिहून देणं हा मला गंभीर दोष वाटतो. त्या औषधानं क्षयाचे जंतू थोडे दबतात, रोग्याला आठ-दहा दिवस बरं वाटतं, बेडक्याची तपासणी पुढं ढकलली जाते आणि तेवढ्यात जंतू त्या औषधाला सरावतात. पुढं बिघडलेल्या क्षयावर हेच औषध हुकमी लागतं. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आमच्या नाशिकलाच आहे. राज्यातल्या अ‍ॅलोपॅथी, आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या बहुतेक डॉक्टरांच्या पदव्या इथूनच निघतात. रोगी पहिल्यांदा ज्यांच्या दारात जातो ते हेच डॉक्टर. प्रत्येकानं इंटर्नशिपमध्ये दहा बेडके स्वतः तपासायला पाठवावेत आणि दहा चट्ट्यांवर पेनचं टोक टेकवून बघावं, एवढी अट घातली तरी पुष्कळ होईल, असं मला वाटतं.

क्षय फुप्फुसातच होतो असं नाही. मानेच्या गाठींचा क्षय, जुन्या लोकांची गंडमाळ, अजून सर्रास दिसतो. आतड्याचा, मेंदूच्या आवरणाचा, गर्भाशयाचा, मणक्याचा क्षय होतो. नखं आणि केस सोडून कुठंही होतो, असं डॉक्टर म्हणतात. माझ्या मावशीला कंबरदुखी सुरू झाली तेव्हा तिला खोकला नव्हता, ताप बारीक होता आणि तो कोणी मोजला नाही. पट्टा दिला, शेक दिला, एका दवाखान्यात कंबरेत स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं. त्यानंतर महिनाभर तिला इतकं बरं वाटलं की तिनं दिवाळीचा सगळा फराळ एकटीनं केला. सातव्या महिन्यात तिच्या पायांतली ताकद गेली. एमआरआयमध्ये दोन मणके खाल्लेले दिसले, सुईनं काढलेल्या पुवात सीबीनॅटनं क्षय सांगितला. बारा महिने औषधं घेऊन ती चालायला लागली, पण खाली मांडी घालून बसणं कायमचं गेलं. रात्री झोपेतून उठवणारं पाठीचं दुखणं आणि त्यासोबत उतरणारं वजन, हे नुसत्या कंबरदुखीचं लक्षण नाही. हे तेव्हा आमच्यापैकी कोणाला माहीत असतं तर, हा विचार अजून मनातून जात नाही.

या कुळातले इतर जंतू माती-पाण्यात असतात आणि सहसा त्रास देत नाहीत. पण दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेची उपकरणं नळाच्या पाण्यानं धुतली गेली तर टाके भरल्यावर काही आठवड्यांनी त्याच छिद्राजवळ गाठ येते, पाणी वाहतं, नेहमीच्या प्रतिजैविकांनी थांबत नाही. काचपट्टीवर त्याही लाल काड्याच दिसतात. मग सरसकट 'एकेटी', म्हणजे क्षयाची औषधं, चालू होते आणि महिनोन्महिने वाया जातात, कारण या जंतूंना क्षयाची बरीच औषधं लागूच पडत नाहीत. त्यांना क्लॅरिथ्रोमायसिन, अमिकासिन अशी वेगळी औषधं लागतात. इथं जंतूची नेमकी जात कल्चरनं ओळखल्याशिवाय उपचार सुरू करू नयेत.

साध्या क्षयाला सहा महिने लागतात: पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन, वजनाप्रमाणे रोज. भूक मेली, उलट्या झाल्या, डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, कारण यकृताला सूज आलेली असू शकते. रंग ओळखताना चुकायला लागलं तर या औषधांपैकी इथांब्युटॉलकडे बोट दाखवायचं. दोन महिन्यांत बरं वाटतं आणि नेमके तेव्हाच लोक सोडतात. कामाच्या मागं गाव बदललं की औषध सुटतं. द्वारकेवरून जाणाऱ्या प्रत्येक बसमध्ये असा कोणीतरी असेल. सरकारच्या 'निक्षय' या क्षयरोग नोंदणीचा क्रमांक जवळ असला तर दुसऱ्या जिल्ह्यातही गोळ्या पुढं चालू ठेवता येतात, हे त्याला कोणीतरी निघण्याआधी सांगायला हवं.

औषधाला न जुमानणारा क्षय ही मुंबईनं फार सोसलेली गोष्ट. २०१२ च्या सुरुवातीला हिंदुजा रुग्णालयाच्या डॉ. झरीर उदवाडिया यांनी माहीत असलेल्या जवळपास सगळ्या औषधांना दाद न देणारे रोगी जगासमोर मांडले, तेव्हा खळबळ उडाली. त्या काळी असा उपचार दोन वर्षं चालायचा, त्यात महिनोन्महिने कानामायसिनची इंजेक्शनं. मुंबईची नंदिता वेंकटेशन या इंजेक्शनांनी बहिरी झाली. तिनं आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले हिनं मिळून बेडाक्विलिन या नव्या औषधाच्या पेटंटची मुदत वाढवण्याला भारतात हरकत घेतली आणि मार्च २०२३ मध्ये पेटंट कार्यालयानं ती मुदतवाढ नाकारली. दोन बरे झालेल्या रोगिणींनी हे करून दाखवलं. २०२४ मध्ये केंद्रानं बेडाक्विलिन, प्रिटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन यांच्या उपचाराला मान्यता दिली. इंजेक्शन नाही, मुदत सहा महिने.

गोळीइतकाच घास लागतो. झारखंडमध्ये भार्गव दांपत्यानं केलेल्या अभ्यासात क्षयरोग्याच्या घरच्या माणसांना दरमहा धान्य-डाळ दिली. त्यांच्यात नव्यानं क्षय होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी घटलं, आणि रोग्यांपैकी ज्यांचं वजन पहिल्या दोन महिन्यांत पाच टक्के वाढलं त्यांच्यात मृत्यूचा धोका बराच कमी राहिला. २०२३ मध्ये हे निष्कर्ष आले. सरकार पोषणासाठी दरमहा पाचशे रुपये देत होतं, नोव्हेंबर २०२४ पासून हजार देतं. पैसे वेळेवर खात्यात पडणं आणि त्या घरात डाळ शिजणं यांत अजून अंतर आहे. २०२५ पर्यंत क्षय संपवण्याचं ध्येय देशानं गाठलं नाही. २०१५ मध्ये लाखामागे २३७ नवे रोगी होते, २०२४ मध्ये १८७. घट खरी आहे आणि ती अपुरी आहे.

कायदाही हळूहळू बदलला. कुष्ठरोग्यांना डांबण्याचा १८९८ चा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण २०१९ पर्यंत कायद्यात शाबूत होतं. माणसं आजार लपवत होती, यात नवल काय!

एक रोगी सापडला की त्याच्या घरात आणखी कोण, हा पुढचा प्रश्न. क्षयाच्या घरी लहान मुलांना आणि इतरांना तपासून, आजार नसल्याची खात्री करून, प्रतिबंधक गोळ्या देतात. कुष्ठरोगाच्या घरी आणि शेजारी २०१८ पासून रिफाम्पिसिनचा एक डोस देतात, पण त्याआधी त्यांना क्षय नाही हे पाहावंच लागतं. छातीत क्षय असताना एकटं रिफाम्पिसिन पोटात गेलं तर क्षयाचे जंतू त्याला सरावतील. दोन आजारांची तपासणी एकाच ओट्यावर का व्हायला हवी, याचं याहून चांगलं कारण मला माहीत नाही.

भट्टीवरच्या त्या माणसाच्या खोलीवर सेविका गेली तेव्हा मीही गेले. नाशिकमधल्याच वडाळा रस्त्याला आतल्या गल्लीत दहा बाय दहाची खोली, पत्र्याचं छत. तिनं आधी सगळ्यांना खोकल्याचं, तापाचं, वजनाचं विचारलं. मग एकेकाला बाहेर उन्हात बोलावलं. त्याच्या बायकोची पाठ साडीचा आडोसा धरून पाहिली. म्हाताऱ्या आईचे तळपाय पाहिले, कानाच्या पाळ्या पाहिल्या. सर्वात शेवटी सहा वर्षांची मुलगी. तिच्या पोटरीवर रुपयाएवढा फिकट डाग होता. आईनं पदर तोंडाशी धरला. सेविकेनं मुलीला डोळे मिटायला सांगितले, पेनचं टोक आधी गुडघ्यावर टेकवलं, मग डागाच्या कडेला, मग अगदी मधोमध. मुलगी खदखदून हसली आणि तिनं पाय ओढून घेतला. गुदगुल्या झाल्या होत्या.